बंदिवासातील सुई : स्कॉटलंडची राणी मेरी

अरण्यात निवासमंडप उभारावयाचा होता तेव्हा परमेश्वराने सोने, चांदी व लाकूड यांचे काम करणाऱ्यांबरोबरच सुईदोऱ्याचे काम जाणणाऱ्या कारागिरालाही पाचारण केले, असे निर्गमाच्या पुस्तकात आपण वाचतो. बसालेलाच्या जोडीला दिलेला अहलियाब हा निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुतात वेलबुट्टी काढणारा होता आणि त्याच्या बोटांतील कौशल्य हे देवाचेच दान होते. या कशिद्याच्या कामासाठी मूळ इब्री भाषेत जो धातू वापरला आहे, तोच धातू स्तोत्र १३९ मध्ये पुन्हा भेटतो. तेथे स्तोत्रकर्ता मातेच्या उदरात देवाने आपला देह कसा घडविला हे सांगत आहे. बहुतेक भाषांतरांत घडविणे किंवा विणणे अशा अर्थाचे क्रियापद येते. परंतु इब्री शब्दाचा रोख धरला तर देवाने त्याचा देह जणू भरतकाम करावे तसा टाक्याटाक्याने भरला, असा भाव निघतो. शास्त्रभाषांतर करणाऱ्याला हा शब्द सहजासहजी सोडवत नाही.

पण ज्या देहात हा कशिदा काढला आहे, तोच देह दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे दुखत राहिला तर? वेदना थांबत नाही, औषध लागू पडत नाही, प्रार्थना केली तरी दुसऱ्या दिवशी तीच कूस तशीच ठणकते, अशा माणसाने आपले दिवस कसे काढावेत? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत आज उभा आहे. त्याचा विचार करताना सोळाव्या शतकातील एका राणीचे चरित्र माझ्यापुढे येते. ती संत नव्हती. तिच्या हातून घडलेल्या व तिच्या माथी मारलेल्या गोष्टींची चर्चा चारशे वर्षांनंतरही संपलेली नाही. तरीही बंदिवास, दुखणे, सुई, ग्रंथ आणि विश्वास हे सर्व एकाच आयुष्यात इतके गुंतलेले क्वचितच आढळते. ती स्कॉटलंडची राणी मेरी.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मेरी नावाची आणखी एक राणी इंग्लंडच्या इतिहासात आहे. ती एलिझाबेथ राणीची सावत्र बहीण, मेरी ट्यूडर. तिने १५५३ ते १५५८ या काळात राज्य केले आणि तिच्या कारकिर्दीत अनेक प्रॉटेस्टंट साक्षीदारांना जिवंत जाळण्यात आले. आपण जिच्याविषयी वाचणार आहोत ती मेरी निराळी. दोघी रोमन कॅथलिक होत्या, एवढेच त्यांच्यातील साम्य.

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ रोजी लिनलिथगो येथील राजवाड्यात झाला. अवघ्या सहा दिवसांनी तिचे वडील पाचवे जेम्स वारले आणि पाळण्यातील हे मूल स्कॉटलंडची राणी झाले. वयाच्या सहाव्या वर्षी, १५४८ मध्ये, तिला फ्रान्सला पाठविण्यात आले. तेथील दरबारात ती वाढली, भाषा शिकली, काव्य शिकली आणि त्या काळच्या राजकन्यांच्या रीतीप्रमाणे सुई धरावयासही शिकली. १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी तिचा विवाह झाला. १५५९ मध्ये ती फ्रान्सची राणी झाली आणि १५६० च्या डिसेंबरात, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच, विधवा झाली.

ऑगस्ट १५६१ मध्ये ती मायदेशी परतली तेव्हा तो देश बदललेला होता. एका वर्षापूर्वीच स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारून दिली होती आणि जॉन नॉक्स यांचा आवाज एडिंबरोच्या प्रार्थनामंदिरात घुमत होता. राणी कॅथलिक, राज्य प्रॉटेस्टंट, अशी ती विलक्षण अवस्था. त्या दिवसांतील तिची दोन चित्रे इंग्लंडच्या वकिलाने आपल्या पत्रांतून मागे ठेवली आहेत. एकात राणी मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसली आहे, सरदारांचा वादविवाद ऐकत आहे आणि तिच्या हातात शिवणकाम चालू आहे. दुसऱ्यात ती जेवणानंतर विद्वान जॉर्ज ब्यूकॅनन यांच्याबरोबर रोमन इतिहासकार लिव्ही याचा लॅटिन ग्रंथ वाचीत आहे. एडिंबरोत तिचा फ्रेंच, लॅटिन, इटालियन व ग्रीक पुस्तकांचा संग्रह होता. सुई आणि पुस्तक या दोन्ही सवयी तिला सुखाच्या दिवसांत लागल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. संकटात जे उपयोगी पडते ते बहुधा संकटापूर्वीच हाताशी ठेवावे लागते.

पुढील सहा वर्षांचा इतिहास दुःखद आहे. १५६५ मध्ये तिने आपला नातलग लॉर्ड डार्नली याच्याशी विवाह केला. १५६६ च्या मार्चमध्ये तिचा चिटणीस रिझिओ याला तिच्या डोळ्यांदेखत ओढून नेऊन ठार करण्यात आले. मारेकऱ्यांत तिचा पतीही सामील होता आणि ती त्या वेळी गर्भवती होती. जूनमध्ये तिला पुत्र झाला. ऑक्टोबरमध्ये जेडबरो गावी ती इतकी आजारी पडली की तिची आशा सुटली होती. कुशीतील कळ, ओकाऱ्या, शुद्ध हरपणे अशी लक्षणे तेव्हा दिसली. त्यातून ती उठली. परंतु कुशीतील ते दुखणे जन्मभराचे सोबती झाले. १० फेब्रुवारी १५६७ रोजी डार्नलीचा खून झाला आणि तीन महिन्यांनी, ज्याच्यावर त्या खुनाचा संशय होता त्या बॉथवेलशीच मेरीने विवाह केला. हा विवाह बळजबरीचा होता की संमतीचा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. प्रजा मात्र तिच्यावर उलटली. लॉक लेव्हन सरोवरातील बेटावरच्या किल्ल्यात तिला कोंडण्यात आले. तेथे तिचा गर्भपात झाला आणि त्या अशक्त अवस्थेत, २४ जुलै १५६७ रोजी, तिच्याकडून राजत्यागाच्या कागदांवर सही घेण्यात आली. तिचे तान्हे मूल राजा झाले. त्या पुत्राला तिने पुन्हा कधी पाहिले नाही.

मे १५६८ मध्ये ती किल्ल्यातून निसटली, लढाई हरली आणि एका मासेमारी होडीतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. एलिझाबेथ ही तिच्या वडिलांची मामेबहीण. आप्ताच्या घरी आसरा मिळेल या भरवशाने ती गेली. परंतु कॅथलिकांच्या दृष्टीने इंग्लंडच्या गादीची हक्कदार असलेली ही पाहुणी एलिझाबेथला मोकळी सोडता येईना. तेव्हापासून जवळजवळ १९ वर्षे मेरी कैदेत राहिली. एवढ्या काळात त्या दोघींची एकदाही भेट झाली नाही.

१५६९ च्या फेब्रुवारीत तिला स्टॅफर्डशरमधील टटबरीच्या किल्ल्यात आणण्यात आले. उंचावरची वाऱ्याची जागा, ओल धरलेल्या भिंती, खालून येणारी दुर्गंधी. संधिवाताच्या माणसाला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. त्याच महिन्यात निकोलस व्हाइट नावाचा एक अधिकारी आयर्लंडला जाताना वाटेत तिला भेटला आणि त्या भेटीचा वृत्तांत त्याने एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल याला कळविला. बाहेर हवा इतकी खराब असताना आत वेळ कसा जातो, असे त्याने विचारले. तिने सांगितले की, आपण दिवसभर सुईचे काम करतो, निरनिराळ्या रंगांमुळे ते काम कंटाळवाणे होत नाही, आणि दुखणे असह्य होऊन हात थांबेपर्यंत आपण ते सोडीत नाही.

वाचकहो, या उत्तरावर क्षणभर थांबावे. भरतकामाने माझी वेदना गेली, असे ती म्हणाली नाही. वेदना शेवटी हात थांबवीतच असे. परंतु पहिल्या टाक्यापासून त्या शेवटच्या टाक्यापर्यंतचा वेळ रंगांचा होता. दीर्घ दुखण्यात असलेल्या माणसाला संपूर्ण दिवस जिंकता येत नाही. एखादा तास मात्र राखता येतो. तो तास राखण्याची विद्या मेरीला साधली होती.

तिच्यावर पहारा ठेवण्याचे काम श्रुझबरीचा अर्ल जॉर्ज टॅल्बट याच्याकडे होते आणि त्याची पत्नी, हार्डविकची बेस, ही स्वतः भरतकामात निष्णात होती. मार्च १५६९ मध्ये अर्लने कळविले की, राणी रोज आपल्या पत्नीच्या दालनात येते, तिची सखी मेरी सीटन व लेडी लिव्हिंगस्टन बरोबर असतात आणि त्या सुईने काम करीत, नव्या नक्षीचा विचार करीत बसतात. बंदिवान आणि पहारेकऱ्याची पत्नी एकाच चौकटीभोवती बसून रेशीम निवडीत आहेत, हे दृश्य राजकारणाच्या इतिहासात अपूर्वच म्हटले पाहिजे. पुढे अनेक वर्षांनी त्या दोघींत वितुष्ट आले. परंतु त्या बैठकांतील काम टिकले. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉल येथे ते पडदे आजही पाहावयास मिळतात. त्यांवर शंभराहून अधिक लहान चित्रे आहेत. काहींवर मेरीच्या नावाची अक्षरे गुंफलेली आहेत, तर काहींवर बेसच्या.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कॅनव्हासच्या लहान तुकड्यावर आधी चित्राची रेघ काढली जाई. मग जाळीच्या प्रत्येक घरात रेशमाचा बारीक टाका घालून ती भरावयाची. तुकडा पुरा झाला की तो कापून हिरव्या मखमलीवर टाचला जाई. मोठा पडदा अंथरुणावरच्या माणसाला पेलत नाही. हा तळहाताएवढा तुकडा मात्र मांडीवर, उशीवर, कोठेही धरता येतो. एक पान आज भरावे, एक उद्या. हात आखडला तर ठेवून द्यावे. काम बिघडत नाही. मोठ्या कार्याचे असे लहान तुकडे करता आले म्हणूनच ते एका दुखणेकरी स्त्रीच्या हातून होऊ शकले.

येथेच तिच्या वाचनाचा आणि सुईचा सांधा जुळतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेसनर यांच्या प्राण्यांच्या चित्रग्रंथातून आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या बोधचित्रांच्या फ्रेंच पुस्तकांतून या आकृती घेतल्या होत्या. दूरदेशचे पक्षी, समुद्रातील मासे, कधी न पाहिलेली श्वापदे. ज्या स्त्रीला किल्ल्याच्या दारापलीकडे पाऊल टाकण्यास परवानगी लागे, तिच्या मांडीवर देवाची सारी सृष्टी पुस्तकाच्या वाटेने येऊन बसली होती. पॅरिसमधील आपल्या वकिलाकडून ती रेशीम व नमुने मागवीत असे. पुस्तक सुईला विषय देई आणि सुई पुस्तकातले हळूहळू मनात मुरवी.

वाचनाचे दुसरे अंग भक्तीचे होते. फ्रान्समधील तारुण्यापासून जवळ असलेले तिचे प्रार्थनापुस्तक आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या समासांत तिने बंदिवासात स्वतःच्या फ्रेंच ओळी लिहिल्या. रॉसचे बिशप जॉन लेस्ली स्वतः कैदेत असताना त्यांनी पीडित जिवाच्या सांत्वनाविषयी लिहिलेला ग्रंथ तिच्याकडे पाठविला. तो वाचून तिने एक चिंतनकाव्य रचले आणि ते १५७४ मध्ये छापले गेले. एका बंदिवानाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे आणि वाचणाऱ्याने पुन्हा लिहावे, ही संतांची सहभागिता भिंतींनी अडत नाही. फिलिप्पैकरांस पत्र लिहिणारा पौलही बंधनातच होता.

दुखणे मात्र वाढतच गेले. कुशीतील कळ, ओकाऱ्या, सांधे धरणे, पायांना सूज अशा तक्रारी तिच्या पत्रांत पुनःपुन्हा येतात. १५७३ पासून तिला काही वेळा बक्स्टनच्या उष्ण झऱ्यांवर स्नानासाठी नेण्यात आले. तेथे थोडा उतार पडे. पण शेफील्डच्या किल्ल्यात परतल्यावर पुन्हा तेच. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक लिपीतील जी पत्रे दुर्लक्षित पडली होती, त्यांपैकी ५७ पत्रे तिची आहेत, हे तीन अभ्यासकांनी त्या लिपीची उकल करून २०२३ मध्ये जाहीर केले. १५७८ ते १५८४ या काळातील या पत्रांतही राजकारणाच्या जोडीने प्रकृतीची व कैदेतील हालांची गाऱ्हाणी आहेत. आधुनिक वैद्यकाने तिच्या रोगाला निरनिराळी नावे देऊन पाहिली. तिच्या पदरी मात्र नाव नव्हते, इलाज नव्हता, होते ते केवळ दुखणे. रोगाचे नावच न कळणे हा दुखण्यातला एक निराळा भार असतो. ज्यांनी तो वाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको.

आतापर्यंतचे चित्र हृद्य आहे. परंतु सत्य सांगणाऱ्याने येथेच थांबता कामा नये. मेरीच्या सुईने नेहमीच निर्मळ काम केले असे नाही. इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य सरदार, नॉरफोकचा ड्यूक, याच्याशी विवाह करून मुक्त व्हावे अशी मसलत चालली होती. त्याला तिने एक उशी भरून पाठविली. तिच्यावर आकाशातून उतरलेला एक हात कोयत्याने द्राक्षवेल छाटीत आहे आणि भोवती जखमेमुळे सद्गुण बहरतो अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आहे. हे चित्र पाहताच आपल्याला योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेल आठवेल. अधिक फळ यावे म्हणून पिता फाटे छाटतो, हा आपल्या प्रभूचाच दृष्टान्त. परंतु निष्फळ फाटा म्हणजे एलिझाबेथ आणि फळणारा फाटा म्हणजे मेरी, असाही त्या उशीचा अर्थ लागत होता. ड्यूकवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा त्या उशीचा उल्लेख झाला आणि जून १५७२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आणखी एका तुकड्यावर तिने उंदराजवळ बसलेले पिंगट मांजर भरले आहे. एलिझाबेथचे केस तांबूस होते, हे सर्वांना ठाऊक होते.

आणि याच हातांनी १५७४ मध्ये किरमिजी साटिनवर रुपेरी धाग्यांची फुले भरून एक झगा एलिझाबेथला भेट म्हणून पाठविला! एलिझाबेथने तो स्वीकारला, परंतु दार उघडले नाही. सुई सांत्वन देत होती, मैत्री जोडू पाहत होती आणि कटाची खूणही होत होती. भक्तीचे पुस्तक आणि सांकेतिक लिपीतील पत्र एकाच मेजावर पडलेले असे. आपल्या मनाचेही असेच नसते काय? प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या माणसाच्या मनात त्याच वेळी कोणाविषयी तरी कडवटपणा भरला जात असतो. दुखणे माणसाला आपोआप पवित्र करीत नाही. ते त्याला आपल्या मनाशी एकटे बसविते; तेथे काय भरावयाचे हे त्याच्या हाती राहते. अन्यायाने कोंडलेल्या स्त्रीने सुटकेची धडपड केली याबद्दल तिला दोष देण्यास मन धजत नाही, तरी भक्ती आणि कारस्थान यांची सरमिसळ तिला कोठे घेऊन गेली हेही लपविता येत नाही.

जानेवारी १५८५ मध्ये तिला पुन्हा टटबरीच्या त्याच ओलसर किल्ल्यात नेण्यात आले. त्या वसंत ऋतूत अमायस पॉलेट हा कडवा प्युरिटन अधिकारी तिचा रक्षक झाला. सभोवतालच्या गरिबांना ती जे दान देई त्यालाही त्याने बंदी केली, कारण दानाबरोबर निरोप जातील ही भीती. एव्हाना ती चाळिशी ओलांडलेली, पाय सुजलेली, आधाराशिवाय चालणे अवघड झालेली स्त्री होती. पुढे चार्टली येथे असताना अँथनी बॅबिंग्टन या तरुणाने एलिझाबेथच्या वधाच्या कटाविषयी तिला लिहिले आणि जुलै १५८६ मध्ये तिचे उत्तर गेले. पिंपाच्या बुचातून जाणारी ती गुप्त पत्रे वॉल्सिंगहॅम या मंत्र्याचे हेर आधीपासूनच उघडून वाचीत होते. ऑक्टोबरमध्ये फॉदरिंगे किल्ल्यात तिच्यावर खटला चालला. एलिझाबेथच्या वधात आपला हात नाही, असे ती अखेरपर्यंत सांगत राहिली. न्यायाधीशांनी तिला दोषी ठरविले. चार्टलीत तिच्या सामानाची यादी झाली तेव्हा त्यात भरून ठेवलेली, परंतु अजून कापडावर न जोडलेली फुले, पक्षी व प्राणी यांचे तुकडे निघाले. ते जोडण्यास आता सवड उरली नव्हती.

फॉदरिंगेतील एक प्रसंग मला या चरित्राचा मध्यबिंदू वाटतो. इतकी वर्षे जेथे जाई तेथे मेरी आपल्या आसनामागे व वर राजछत्राचे वस्त्र लावीत असे. ती कैदी असली तरी राणी आहे, याची ती खूण होती. शिक्षा ठरल्यावर पॉलेटने ते वस्त्र उतरविले. ती आता कायद्याच्या दृष्टीने मेलेली स्त्री आहे, तिला राजचिन्ह कशाला, असा त्याचा विचार. ती जागा मेरीने रिकामी ठेवली नाही. तेथे तिने क्रूस आणि प्रभूच्या दुःखसहनाची चित्रे लावली. ज्या जागी आयुष्यभर तिची राजचिन्हे झळकली, त्या जागी ख्रिस्ताचा क्रूस आला. स्वतःच्या हाताने ती ही अदलाबदल कधी करती ना. शत्रूने वस्त्र काढले तेव्हा जागा मोकळी झाली. आपल्याही आयुष्यात काही वस्त्रे अशीच दुसऱ्याच्या हाताने उतरविली जातात. प्रकृती जाते, पद जाते, घरातील मान जातो. रिकाम्या झालेल्या त्या भिंतीवर आपण काय लावतो, हा प्रश्न मग उरतो.

७ फेब्रुवारी १५८७ च्या संध्याकाळी तिला सांगण्यात आले की, उद्या सकाळी शिरच्छेद होईल. तिने आपल्या धर्मगुरूची भेट मागितली. ती नाकारण्यात आली. पीटरबरोच्या प्रॉटेस्टंट डीनची सेवा देऊ केली गेली. ती तिने नाकारली. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या दोन पक्षांनी मरणाच्या उंबरठ्यावरही एकमेकांसाठी दार उघडू नये, हे वाचताना आज मान खाली जाते. तो काळ दोन्ही पक्षांच्या रक्ताने माखलेला होता. तिने आपल्या चाकरांना चीजवस्तू वाटल्या, धर्मगुरूला पत्र लिहून रात्रभर आपल्यासाठी प्रार्थना करण्यास विनविले आणि उत्तररात्री फ्रान्सच्या राजाला शेवटचे पत्र लिहिले. त्या रात्री केव्हातरी तिने जेन केनेडी या सखीला नेहमीप्रमाणे संतचरित्रांतून काही वाचून दाखविण्यास सांगितले. कोणाचे चरित्र? जो मोठा पापी होता अशा कोणाचे तरी. जेनने पाने उलटली आणि प्रभूबरोबर क्रूसावर खिळलेल्या त्या चोराची कथा निवडली. ती ऐकल्यावर मेरीने म्हटले की, तो मोठा पापी खरा, परंतु आपल्याइतका नव्हे.

४४ वर्षांच्या त्या राणीने आयुष्यात पुष्कळ पुस्तके वाचली होती. लिव्हीपासून गेसनरपर्यंतच्या त्या साऱ्या वाचनाची अखेर लूकच्या शुभवर्तमानातील एका चोरापाशी झाली. आणि इतक्या वर्षांच्या वादविवादात, पत्रांत, खटल्यात जे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते, ते त्या रात्री निघाले. खटल्यातील आरोपाची ती कबुली होती असे म्हणता येणार नाही. देवापुढे उभ्या राहिलेल्या एका जिवाने आपली जागा ओळखली, एवढे मात्र खास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभागृहात आली. पाय साथ देत नव्हते. तिला आधार देण्यात आला. डीनच्या मोठ्या आवाजातील प्रार्थना चालू असताना तिने लॅटिनमध्ये स्वतःच्या प्रार्थना म्हटल्या. मारेकऱ्याला क्षमा केली. जेन केनेडीने तिचे डोळे बांधले. तो पांढरा रुमाल सोनेरी भरतकामाचा होता. मेरीने स्वतः तो आदल्या रात्री निवडून ठेवला होता. या जगात तिच्या डोळ्यांना झालेला शेवटचा स्पर्श सुईच्या कामाचा होता. तिचा देह प्रथम पीटरबरोच्या कॅथिड्रलमध्ये पुरण्यात आला. १६१२ मध्ये, इंग्लंडचाही राजा झालेल्या तिच्या पुत्राने, तो वेस्टमिन्स्टर ॲबीत हलविला. एलिझाबेथची कबर त्याच मंदिरात आहे. जिवंतपणी जी भेट झाली नाही ती अशी झाली.

या चरित्रातून दुखणेकरी माणसाने काय घ्यावे? विश्वास, हातचे काम आणि वाचन यांचा समतोल म्हणजे दिवसाचे तीन सारखे भाग, असे मेरीच्या बंदिवासात दिसत नाही. हात चालला तेव्हा सुईने तिला धरून ठेवले. हात थांबला तेव्हा पुस्तकाने धरले. स्वतः वाचवेना तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून वाचन झाले. एक थकले की दुसऱ्याने खांदा द्यावा, असा तो समतोल होता. म्हणून ज्यांच्या घरी कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले आहे, त्यांनी केवळ औषधाची वेळ सांभाळून थांबू नये. त्यांच्या हाताला झेपेल असा एक लहान तुकडा द्यावा. दोन टाके, दोन ओळी, निवडावयाची भाजीही चालेल. आणि डोळे मिटून पडावे लागेल त्या दिवशी कोणीतरी उशाशी बसून वाचून दाखवावे. जेन केनेडीची सेवा मोठी होती. तिला उपदेश करावयाचा नव्हता, फक्त पान शोधावयाचे होते.

तसेच हेही घ्यावे की, हे सर्व साधूनही मन देवापुढे उघडे करावयाचे राहून जाऊ शकते. मेरीची सुई १९ वर्षे चालली, पुस्तके उघडीच राहिली. तरी तिच्या अंतःकरणाची सर्वांत सरळ प्रार्थना आपल्याला दिसते ती शेवटच्या रात्री. आपण इतका उशीर करावा असे नाही.

आणि असा एक दिवस येतो जेव्हा सुई धरवत नाही, अक्षर लागत नाही, वाचलेले ऐकूही येत नाही. त्या दिवसासाठीच लूकने तो चोर आपल्यासाठी लिहून ठेवला आहे. त्याचे दोन्ही हात क्रूसावर जखडलेले होते. त्याला कोणतेही सत्कृत्य करता येत नव्हते, कोणताही ग्रंथ उघडता येत नव्हता. वेदनेने पिळवटलेल्या त्या देहात मान वळविण्याएवढी शक्ती उरली होती. त्याने ती मान प्रभूकडे वळविली आणि आपली आठवण ठेवण्यास विनविले. तेवढे पुरे झाले. ज्याने मातेच्या उदरात आपला देह टाक्याटाक्याने भरला, तो अर्धवट राहिलेले तुकडे टाकून देत नाही, या भरवशाने आपल्यातील प्रत्येक दुखणाऱ्या जिवाने आजची रात्र त्याच्या हाती सोपवावी.